बिस्किटाआधीचं गाव

पुण्याच्या कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीपुढे रांगेत उभं राहून माणसं श्रूसबेरीचे खोके घेऊन जातात. घरी खोका उघडला की लोण्याचा वास सुटतो आणि नावाचा विचार तिथेच संपतो. 'बेरी' म्हणजे कुठलं तरी फळ असणार, असा पुष्कळांचा समज आहे. फळाचा इथे काडीचाही संबंध नाही. श्रूजबरी हे इंग्लंडच्या पश्चिम कडेला, वेल्सच्या सरहद्दीपासून पंधरा किलोमीटरच्या आत वसलेलं गाव आहे. नावातली 'बरी' म्हणजे जुन्या इंग्रजीत तटबंदीची जागा, आपण 'कोट' म्हणतो तशी.

बिस्किटाचं मूळ तिथलंच. तिकडे त्याला केक म्हणतात, पण तो फुगलेला नसतो. पातळ, खुसखुशीत वडी असते, आणि जुन्या कृतींत तिच्यात जायफळ नाहीतर गुलाबपाणी पडायचं. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीला पाटी आहे, की पेलिन नावाच्या माणसाने १७६० मध्ये या जागी आपल्या खास कृतीने श्रूजबरी केक प्रथम केले. पाटी वाचून खूश व्हायला हरकत नाही, फक्त हिशोब ध्यानात ठेवावा. विल्यम काँग्रीव्हच्या १७०० सालच्या 'द वे ऑफ द वर्ल्ड' या नाटकात या केकचा उल्लेख आधीच आहे, म्हणजे तो साठ वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांनाही ठाऊक होता. पेलिनची असेल ती कृती, केक गावाचा. कयानी बेकरी १९५५ ची. मधल्या प्रवासात जायफळ आणि गुलाबपाणी मागे पडलं आणि लोणी राहिलं. चवीपुरतं बोलायचं तर त्यात पुण्याचं काही नुकसान झालेलं नाही.

गावाच्या नावाचा उच्चार हा तिथे भांडणाचा विषय आहे. काही जण 'श्रूजबरी' म्हणतात, काही 'श्रोजबरी'. दोघांनाही आपलंच खरं वाटतं, आणि परक्या माणसाने कुठलाही उच्चार केला तरी कोणी ना कोणी तो सुधारून देतं. नॉर्मन राज्यकर्त्यांना मूळ सॅक्सन नाव जिभेवर पेलेना, म्हणून त्यांनी त्याचं 'सॅलप'च्या जवळ जाणारं काहीतरी केलं. त्यामुळे गाव श्रूजबरी, परगणा श्रॉपशर आणि तिथला माणूस सॅलोपियन, अशी तीन तऱ्हांची नावं एकाच ठिकाणी नांदतात.

अशा गावाला इंग्रजीत मार्केट टाउन म्हणतात. शब्दशः 'बाजाराचं शहर' करून मराठीत अर्थ पोचत नाही. त्याला आपला जुना आणि नेमका शब्द आहे: कसबा. मराठी दप्तरांत मौजे वेगळं आणि कसबा वेगळा. मौजे म्हणजे शेतीचं खेडं. कसब्यात पेठ असते, कारागीर असतात, सरकारी कचेरी असते, आणि आसपासच्या मौजांची माणसं ठरलेल्या वारी तिथे येतात. नवी पेठ वसवायची तर सरकारातून कौल मिळायचा, शेटे-महाजन नेमले जायचे, जकातीची सूट किंवा दर ठरायचे. पुण्यात सोमवारपासून रविवारपर्यंतच्या पेठा नुसत्या वारांच्या नावांवर उभ्या आहेत. इंग्लंडातल्या कसब्याची घडणही याच जातीची. तिथे कौलाऐवजी राजाची सनद, आणि ती फुकट मिळत नसे. श्रूजबरीला मिळालेल्या सनदांपैकी आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी ११८९ ची, पहिल्या रिचर्डची. राजाला युद्धासाठी पैसा हवा होता आणि गावाला आपला कारभार आपण बघण्याचा हक्क. सौदा जमला.

सनद म्हणजे मक्ता. शेजारच्या गावाने मनात आलं म्हणून बाजार भरवायचा नाही. तेराव्या शतकातला कायदेपंडित ब्रॅक्टन याच्या नावाने चालत आलेला नियम असा, की जुन्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या आत, नेमकं सांगायचं तर सहा मैल आणि एका मैलाचे दोन तृतीयांश, एवढ्या टापूत नवा बाजार लावला तर तो जुन्याला उपद्रव. हा चमत्कारिक आकडा माणसाच्या पायांवरून निघालेला आहे. दिवसभराची मजल वीस मैलांची धरली आणि तिचे तीन भाग केले: सकाळी बाजाराला जाण्याचा एक, खरेदी-विक्रीचा एक आणि अंधार पडायच्या आत घरी परतण्याचा एक. एका भागाचे मैल मोजा, तोच आकडा येतो. इंग्लंडच्या नकाशावर जुने कसबे साधारण सारख्या अंतराने पेरल्यासारखे दिसतात, त्यामागे हेच पायांचं गणित आहे. बाजाराचा हक्क असलेली नगरपालिका आजही या अंतराचा दाखला देऊन नव्या बाजाराला हरकत घेऊ शकते. लोक मोटारीने येतात, कायदा अजून पायीच चालतो.

बाजार म्हटला की तंटे आले. माप खोटं निघतं, कापड दाखवलं एक आणि दिलं दुसरं, उधारी बुडते. पण उद्या पुढच्या गावी जाणाऱ्या व्यापाऱ्याला महिनाभरानंतरची तारीख देऊन काय उपयोग? म्हणून बाजार-जत्रांसाठी वेगळी कोर्टं असत. तिथे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी निकाल लागायचा. त्यांचं नाव फ्रेंचवरून आलं होतं आणि त्याचा अर्थ होता 'धुळीने माखलेले पाय'. फिर्यादीने पाय धुऊन यायचीसुद्धा वाट बघायची नाही, इतका झटपट न्याय. न्यायसंस्थेच्या इतिहासात इतकं प्रामाणिक नाव मला तरी दुसरं आढळलेलं नाही.

श्रूजबरीची जागा बाजारासाठी जितकी सोयीची तितकीच किल्ल्यासाठी. सेव्हर्न ही ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी, सुमारे ३५४ किलोमीटर. वेल्सच्या डोंगरातून उतरून ती इथे एका टेकाडाला जवळजवळ पूर्ण वळसा घालते. तिन्ही बाजूंनी पाणी, आणि उत्तरेला जमिनीची एक अरुंद मान. त्या मानेवर नॉर्मनांनी किल्ला उठवला. पूर्वेच्या पुलाचं नाव इंग्लिश ब्रिज, पश्चिमेच्या पुलाचं वेल्श ब्रिज. एका पुलाने आलेला माणूस आपला, दुसऱ्याने आलेल्याकडून माल घ्यायचा पण रात्री वेस लावून घ्यायची, असा सरहद्दीच्या गावाचा रिवाज होता.

किल्ला बांधताना घरं पाडली गेली. १०८६ च्या डोम्सडे या जमाबंदीच्या वहीत श्रूजबरीची २५२ घरं नोंदलेली आहेत. तिथेच गावकऱ्यांची तक्रारही टिपून ठेवली आहे, की किल्ल्याने ५१ घरांची जागा गिळली, काही घरं ओस पडली, काही फ्रेंच लोकांनी बळकावली, आणि तरीही कर मात्र पूर्वीइतकाच भरावा लागतो. साडेनऊशे वर्षं होत आली. नगरपालिकेच्या घरपट्टीविषयी बोलणारा आजचा सॅलोपियन तोच सूर लावतो.

आता गावाच्या आतली रचना. बाजाराच्या रस्त्याला लागून असलेली जागा सर्वांत महाग, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला दर्शनी भाग थोडा आला आणि जमीन मागे लांबच लांब गेली. पुढे दुकान, वर राहणं, मागे अंगण, गोठा, कारखाना, अगदी मागे परसबाग. अशा लांबोड्या पट्ट्यांनी गाव भरलं की प्रश्न येतो, मागच्या अंगणात जायचं कुठून? दोन घरांमधून बोळ निघतात. आणि एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जायला बोळातून बोळ निघतात. श्रूजबरीत या बोळांना खास स्थानिक शब्द आहे, 'शट'. इंग्रजीत शट म्हणजे बंद, पण हे बोळ बंद नसतात, उलट आरपार जातात. एका टोकाला घुसून दुसऱ्या टोकाला सुसाट बाहेर पडायचं, यावरून शब्द आला असं गावात सांगतात. ग्रोप लेन, गलेट पॅसेज, सेव्हन्टी स्टेप्स शट ही त्यांतली काही नावं. मोठ्या रस्त्यांची नावंही अशीच ठसकेबाज: डॉगपोल, मार्डल, वायल कॉप, मुरिव्हन्स. फिश स्ट्रीट आणि बुचर रो यांचा अर्थ सांगायला नको. बुचर रोवर १४५९ चं 'ॲबट्स हाउस' उभं आहे, आणि तळमजल्यावर खाटकांच्या दुकानांच्या माल मांडायच्या रुंद फळ्यांची रचना अजून ओळखता येते.

ही लाकडी घरं हे श्रूजबरीचं खरं वैभव. जतनाच्या सरकारी यादीत गावातल्या साडेसहाशेहून अधिक इमारती आहेत. पाहणारा आधी त्यांच्या काळ्या पट्ट्या आणि पांढऱ्या चौकटी पाहतो आणि 'हे अगदी शेक्सपिअरच्या काळासारखं' म्हणतो. थोडं थांबावं. ओक लाकडाला डांबरी काळा रंग फासायची हौस बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली आहे. त्याआधी लाकूड आपल्या करड्या रंगात असे, किंवा भिंतीबरोबर त्यावरही चुन्याचा हात फिरे.

बांधायची रीत मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. लाकडाचा सांगाडा आधी सुताराच्या आवारात जुळवायचा, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, मग सगळं सुटं करून जागेवर आणायचं आणि खुणांवरून पुन्हा उभं करायचं. सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के करायचे. लाकूड ओलंच वापरत, कारण वाळलेला ओक कापणं-छिलणं फार जड जातं. पुढच्या काही वर्षांत ते घरातच वाळे, आकसे, पिळवटे. ही घरं कललेली दिसतात त्याचं हे मोठं कारण. सांगाड्याच्या चौकटींत काठ्यांचं विणकाम आणि त्यावर माती, शेण, गवत यांचा लेप, म्हणजे सरळ आपला कूड. कोकणातल्या जुन्या घराची भिंत ज्याने पाहिली आहे, त्याला श्रूजबरीच्या भिंतीत काय आहे हे समजवायला लागत नाही.

गावाचा मधला चौक म्हणजे 'द स्क्वेअर'. तिथे १५९६ चा जुना मार्केट हॉल आहे. खाली दगडी खांबांवर मोकळा मंडप, वर एक मोठं दालन. खाली धान्याचा बाजार भरे, वर वेल्सच्या लोकरी कापडाचा. डोंगरातले वेल्श शेतकरी घरी विणलेलं जाडंभरडं कापड घोड्यांवर लादून सरहद्दीवर आणत. श्रूजबरीचे ड्रेपर, म्हणजे कापडाचे पेढीवाले, ते घेत, त्यावर संस्कार करवून लंडनला पाठवत आणि तिथून ते परदेशी जाई. ड्रेपरांची स्वतःची कंपनी होती आणि या व्यापारावर तिची घट्ट पकड होती. आयर्लंड्स मॅन्शनसारखे भव्य लाकडी वाडे, ड्रेपर्स हॉल, ही सगळी त्या लोकरीची कमाई. विणणारे डोंगरातच राहिले, वाडे नदीच्या वळशात उठले. मंडपाच्या खांबांवर छोटी भोकं दिसतात. किती माल विकला गेला याची मोजणी त्यांतल्या खुंट्या सरकवून करत. वरच्या दालनात २००४ पासून छोटं सिनेमागृह चालतं.

याच चौकात एक पुतळा आहे, आणि त्यापाशी मराठी माणसाने दोन मिनिटं थांबायलाच हवं. पुतळा रॉबर्ट क्लाइव्हचा, १८६० मध्ये उभारलेला, मारोकेती या शिल्पकाराचा. क्लाइव्ह याच परगण्यातला, १७२५ मध्ये मार्केट ड्रेटन या दुसऱ्या एका कसब्याजवळ जन्मलेला. प्लासी आपण शाळेत शिकतो. प्लासीच्या आदल्या वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, हा माणूस आपल्या विजयदुर्गावर होता. आरमारी सेना ॲडमिरल वॉटसनची, जमिनीवरची फौज क्लाइव्हची, आणि समोर तुळाजी आंग्रे. इंग्रजांना तिथे आणण्यात नानासाहेब पेशव्यांचा हात होता, ही गोष्ट आपण हळू आवाजात बोलतो. तुळाजीचं आरमार बंदरातच जळालं. मराठी आरमाराचा कणा मराठी सत्तेच्याच संमतीने मोडला गेला. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि विजयदुर्ग मराठ्यांच्या हवाली करायला महिनोन्‌महिने लावले. बाणकोट पदरात पक्कं पडल्यावरच ते हलले.

पुढे बंगालची संपत्ती घेऊन क्लाइव्ह मायदेशी परतला. १७६१ पासून १७७४ मध्ये मरेपर्यंत तो श्रूजबरीचा खासदार होता, १७६२ मध्ये गावाचा मेयरही. म्हणजे ज्या हातांनी घेरिया घेतला (विजयदुर्गाला इंग्रज घेरिया म्हणत), त्या हातांनी या चौकाच्या कारभाराच्या कागदांवर सह्या केल्या. २०२० मध्ये ब्रिस्टलला एका गुलाम-व्यापाऱ्याचा पुतळा बंदराच्या पाण्यात ढकलला गेला, तेव्हा क्लाइव्हचा पुतळाही काढावा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. परगण्याच्या कौन्सिलमध्ये मतदान झालं आणि पुतळा ठेवायचं ठरलं. माझं मत विचाराल तर पुतळा राहू दे. मात्र त्याच्या माहितीत प्लासीबरोबर विजयदुर्गही लिहिलेला असावा. या माणसाने हिंदुस्थानात काय केलं, हे चौकात भाजी घेऊन जाणाऱ्याला कळलं पाहिजे.

सॅलोपियन मंडळी स्वतःला 'प्राउड सॅलोपियन' म्हणवतात. आख्यायिका अशी, की आठव्या हेन्रीने इथल्या मठाला कॅथीड्रल करून गावाला सिटीचा दर्जा देऊ केला, तर गावकरी म्हणाले, सिट्यांत शेवटचं होण्यापेक्षा टाउनांत पहिलं राहू. खरं-खोटं करण्यापेक्षा त्यातला ताठा पाहावा. दुसरी गोष्ट १४८५ ची. राजाविरुद्ध बंड करून निघालेला हेन्री ट्यूडर दारात आला, तेव्हा गावचा मुख्य अधिकारी थॉमस मिटन याने, माझ्या पोटावरून गेल्याशिवाय आत येता येणार नाही, अशी शपथ घेतली होती म्हणे. नंतर वारं फिरलं आणि वेस उघडायची वेळ आली. शपथ तर मोडायची नाही. मग मिटन रस्त्यात उताणा पडला आणि हेन्री त्याच्या पोटावरून पाय टाकून आत गेला. तोच पुढे सातवा हेन्री. अडचणीतून वाट काढायची ही अक्कल बाजारातल्याच माणसाला सुचावी.

उलट अक्कल गहाण टाकल्याची गोष्ट सेंट चॅड चर्चची. १७८८ मध्ये छत गळतं म्हणून चर्चच्या मंडळींनी थॉमस टेलफर्ड या तरुण बांधकाम-जाणकाराचा सल्ला घेतला. त्याने छत सोडून पाया आणि मनोरा बघितला आणि सांगितलं, आधी हे सावरा, नाहीतर कोसळेल. मंडळींना वाटलं हा आपलं काम वाढवून घेतोय. थोड्याच दिवसांत मनोरा खाली आला. टेलफर्ड पुढे ब्रिटनमधला नामांकित पूल-रस्ते बांधणारा झाला. नवं सेंट चॅड १७९२ चं, चक्क गोल आकाराचं. त्याच्या आवारात डिकन्सच्या कंजूस स्क्रूजचं थडगं आहे! खोटं अर्थातच. 'अ ख्रिसमस कॅरल'वरच्या १९८४ च्या चित्रपटाचं चित्रीकरण गावात झालं, त्याची ही आठवण. २०२४ मध्ये कोणी तरी तो दगड फोडला, तेव्हा लोक खऱ्याखुऱ्या थडग्यासाठी हळहळावं तसे हळहळले.

चार्ल्स डार्विन याच गावचा, जन्म १८०९ चा. तो ज्या शाळेत शिकला तिची जुनी इमारत आता ग्रंथालय आहे आणि दारात त्याचा खुर्चीत बसलेला पुतळा आहे. शाळेत त्याचं मन रमलं नाही. त्याच्या लक्षात राहिला तो बेलस्टोन नावाचा एक मोठा धोंडा. तसा खडक आसपास कुठेच नाही, आणि गावातल्या एका वृद्ध जाणकाराने लहान डार्विनला सांगितलं होतं, की हा इथे कसा आला हे जगबुडीपर्यंत कोणी सांगू शकणार नाही. पुढे हिमनद्या असे धोंडे वाहून आणतात हे कळल्यावर डार्विनला झालेला आनंद त्याने आत्मचरित्रात नोंदवला आहे. धोंडा आजही गावात एका इमारतीच्या आवारात पडून आहे. बघायला तिकीट नाही.

पर्यटक बहुधा चुकवतात ती जागा गावाच्या उत्तरेला आहे: डिथरिंग्टनची जवसाच्या धाग्याची गिरणी. १७९७ मधली. गिरण्या सारख्या जळत, कारण आत लाकडी खांब, लाकडी तुळया, हवेत धाग्याची भुकटी आणि दिव्यांच्या उघड्या ज्योती. चार्ल्स बेजने इथे खांब आणि तुळया दोन्ही ओतीव लोखंडाच्या केल्या. लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली ही जगातली पहिली इमारत. मुंबईच्या टॉवरांचा खापरपणजोबा हाच म्हणायचा. नंतर तिथे दारूसाठी सातू मोडवण्याचा कारखाना चालला, तो १९८७ मध्ये बंद पडला, आणि पस्तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, दुरुस्तीनंतर इमारत लोकांना खुली झाली.

पाहुण्याचं ठीक आहे, तो संध्याकाळच्या गाडीने जातो. पाऊण लाखाच्या आसपास वस्तीच्या या गावात राहणाऱ्याचं काय? यादीतल्या जुन्या घरात राहायचं म्हणजे घरमालक आपण आणि सासू सरकार. खिडकीची चौकट बदलायची, दार हलवायचं, आतली जुनी भिंत पाडायची, तर आधी परवानगी. विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने केलेली चूक निस्तरण्याची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते, म्हणून घर घेताना भिंतींपेक्षा कागद नीट तपासतात. दुहेरी काचेची खिडकी सहजी मंजूर होत नाही, थंडीत फटींतून वारा येतो, बिल वाढतं. दारं इतकी बुटकी की उंच माणूस आठवड्याभरात वाकायला शिकतो. सर्वांत मोठा शत्रू सिमेंट. जुन्या कुडाच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते आणि शेजारचा ओक कुजायला लागतो. पाचशे वर्षं टिकलेली तुळई हौशी दुरुस्तीत पंचवीस वर्षांत जाते. चुना वापरा, असं तिथला जाणता गवंडी सांगतो.

आणि पूर. ज्या नदीने गावाला तट दिला, ती अधूनमधून त्याचं भाडं वसूल करते. टेकाडावरचा मधला भाग कोरडा राहतो, पण नदीपलीकडच्या फ्रँकवेल आणि कोलम या वस्त्या सखल आहेत. २००० चा पूर मोठा होता, त्यानंतर फ्रँकवेलला संरक्षक भिंत आली. इशारा आला की तिच्यावर फळ्या चढवून उंची वाढवतात. २०२० च्या फेब्रुवारीत पुन्हा पाणी चढलं. वेल्सच्या डोंगरातला पाऊस नदीवाटे इथे पोचायला वेळ लागतो, त्यामुळे गावात ऊन पडलेलं असताना पाणी वर येतं. सूचना मिळते, वेळही मिळतो, पण विम्याचा हप्ता कमी होत नाही.

तरीही माणसं इथे राहतात, आणि त्याचं कारण शोधायला चौकात जायची गरज नाही. घड्याळाच्या उंच मनोऱ्याचा नवा मार्केट हॉल बघावा. हा १९६५ चा. त्यासाठी विटांचा सुंदर व्हिक्टोरियन हॉल पाडला गेला. बाहेरून इमारत कोणाला आवडेल असं वाटत नाही, मलाही ती आवडत नाही. पण जिना चढून वर जा. कसाई, मासळीवाले, भाजीवाले, चीजवाले, जुनी पुस्तकं, शिलाईचं सामान, आणि मध्येच जेवायचे गाळे, टेबलाला टेबल लावून बसलेली माणसं. ब्रिटनमधला लोकांचा लाडका बाजार म्हणून त्याला अलीकडच्या वर्षांत एकाहून अधिक वेळा पहिला मान मिळाला आहे. काळ्या-पांढऱ्या घरांवर जीव टाकणाऱ्या गावाचं पोट या कुरूप इमारतीत आहे. इंग्लंडात पुष्कळ कसबे देखणे राहिले आणि बाजार गेला. तिथे चहाची दुकानं आणि भेटवस्तू उरल्या. श्रूजबरीत अजून कोबी विकला जातो.

जायचं असेल तर बर्मिंगहॅमहून रेल्वेने साधारण तास लागतो. स्टेशनात शिरताना १८० लिव्हरचं जुनं सिग्नल केबिन दिसतं. हाताने चालणारं एवढं मोठं केबिन जगात दुसरं उरलेलं नाही. रविवार-सोमवार टाळा, मार्केट हॉल बंद सापडेल. गाडी नेऊ नका, बोळ पायांसाठी आहेत. जुलैत-ऑगस्टात गेलात तर क्वारी या नदीकाठच्या बागेत बसा. आणखी एक. श्रूजबरी केक तिथे दुकानादुकानांत दिसत नाही, जरा शोधावा लागतो. तेव्हा निघताना कॅम्पातून एक खोका बरोबर घ्या, आणि मार्केट हॉलच्या वरच्या मजल्यावर केक विकणारं कोणी भेटलं तर त्यातलं एक बिस्किट चाखायला द्या.